गाव कोणतं? वस्ताद कोण?



विषय पाहून काही जण म्हणतील, मास्तरांना झालंय तरी काय! वारी झाली, जुनी पाठ्यपुस्तकं झाली, भिगवणचे रोहित पक्षी झाले, आणि आता एकदम जपानी मारामारीचे व्हिडिओ गेम? पण जरा दम धरा. मला या खेळांतलं बटण दाबणं काही जमत नाही आणि या वयात बोटंही तितकी चालत नाहीत. मी बोलणार आहे ते त्यातल्या पात्रांबद्दल, आणि पात्रांबद्दल बोलायचा अधिकार मराठीच्या मास्तराला नाही तर कुणाला?

आधी हे खेळ काय असतात ते थोडक्यात सांगतो, कारण माझ्या वाचकांत माझ्याच वयाची मंडळी बरीच आहेत. पडद्यावर दोन पात्रं समोरासमोर उभी राहतात आणि एक जण आडवा होईपर्यंत लढतात. बस्स, एवढंच. आपल्या कुस्तीसारखंच, फक्त माती नाही आणि कान मोडत नाहीत. स्ट्रीट फायटर, टेक्केन, व्हर्च्युआ फायटर ही त्यातली मोठी घराणी, आणि तिन्ही जपानी. याला कुणी पोरखेळ समजू नये. २०२३ साली चीनमध्ये हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या, त्यात स्ट्रीट फायटरला पदक होतं. सुवर्णपदक जिंकणारा कोरियन खेळाडू किम ग्वान-वू तेव्हा ४४ वर्षांचा होता. म्हणजे आमच्या शाळेतल्या कितीतरी सहशिक्षकांच्या वयाचा!

तर माझा नातू पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत बारामतीला आला की त्याचा एक उद्योग मी बघत असतो. नवा खेळ यायच्या आधी कितीतरी महिने कंपनी त्यातली पात्रं एकेक करून जाहीर करते. एक चित्र, मिनिटभराचा व्हिडिओ, आणि सोबत माहिती : नाव, देश, उंची, वजन, लढायची पद्धत, काय आवडतं, काय आवडत नाही. सेगा कंपनीनं २०२४ च्या अखेरीस व्हर्च्युआ फायटरचा नवा खेळ करत असल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून हा आणि त्याचे मित्र चित्रं थांबवून थांबवून बघत असतात. पाय कसा टाकलाय, कोपर कुठं आहे, कमरेच्या पट्ट्याची गाठ कशी आहे... त्यावरून हा कुठली विद्या शिकलेला असणार, याचा स्वभाव कसा असणार, यावर तासन् तास चर्चा!

घरातले म्हणतात, वेळ वाया घालवतोय. माझं मत उलटं आहे. आम्ही आयुष्यभर मराठीच्या पेपरात 'खालील पात्राचे स्वभावचित्र रेखाटा' असा प्रश्न घालत आलो. पोरं गाईडमधलं उत्तर उतरवायची : 'तो प्रेमळ, कष्टाळू व स्वाभिमानी होता.' सगळी पात्रं प्रेमळ, कष्टाळू व स्वाभिमानी! पुरावा काय, असं विचारलं की वर्ग गप्प. आणि इथं हा मुलगा एका पावलाच्या ठेवणीवरून सिद्धांत मांडतोय आणि पुरावाही देतोय. दुसरा तो खोडून काढतोय. यालाच तर वाचन म्हणतात.

या माहितीपत्रकांत एक गंमत मला फार आवडली. जुन्या जपानी खेळांत प्रत्येक पात्राचा रक्तगटही दिलेला असे. मी म्हटलं, याला कशाला रक्तगट? मारामारीत रक्त चढवायचंय की काय? नातवानं सांगितलं ते असं, की जपानात रक्तगटावरून स्वभाव ओळखायची पद्धत आहे. अमक्या गटाचा माणूस शिस्तीचा, तमक्याचा मनमौजी. शास्त्रीय आधार नाही, पण लोक हौसेनं विचारतात. म्हणजे आपली रासच की! आपल्याकडच्या एखाद्यानं खेळ काढला तर तो 'रास वृश्चिक, नक्षत्र अनुराधा, गण देव' असं लिहील. तपशील जगात सगळीकडे देतात, पण कुठला तपशील महत्त्वाचा मानायचा हे ज्याचा तो समाज ठरवतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तपशील वाचताना सावध राहावं लागतं, याचीही एक नामी गोष्ट आहे. १९९१ साली कॅपकॉम कंपनीचा स्ट्रीट फायटर टू आला. त्याचा नायक र्‍यू. तो जिंकला की जपानीत एक वाक्य बोलतो, आणि त्यात 'शोर्‍यूकेन' या त्याच्या डावाचं नाव येतं. अर्थ असा, की माझा हा डाव मोडल्याशिवाय तुला जिंकायची आशा नाही. ज्या अक्षरांत हे नाव लिहितात ती अक्षरं मुळात चिनी. इंग्रजी भाषांतर करणाऱ्यानं त्यांचा चिनी उच्चार घेतला आणि ते माणसाचं नाव समजून लिहिलं, 'शेंग लाँगला हरवल्याशिवाय तुला आशा नाही.' झालं! अमेरिकेतली पोरं विचारू लागली, हा शेंग लाँग कोण? हा र्‍यूचा गुरू असणार. खेळात कुठंतरी लपलेला असणार. १९९२ साली तिथल्या एका मासिकानं एप्रिल फूल म्हणून त्याला गाठायची युक्तीच छापली, आणि लोक रात्र रात्र जागून नसलेल्या माणसाला शोधत बसले. एका शब्दाच्या भाषांतरातून एक अख्खा वस्ताद जन्माला आला. भाषेच्या शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

याच स्ट्रीट फायटर टू मध्ये जगाच्या नकाशावर विमान फिरतं आणि देशोदेशीचे लढवय्ये भेटतात. निवडायला पात्रं आठ. त्यातला एक आपला आहे. नाव धालसीम, देश भारत. नातवानं मला त्याची माहिती वाचून दाखवली आणि म्हणाला, "आबा, याचं स्वभावचित्र रेखाटा." म्हटलं, रेखाटतो.

अंगानं काटकुळा. डोकं तुळतुळीत. योगविद्येत पारंगत. हातपाय रबरासारखे लांब होतात, इतके की पडद्याच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाला ठोसा मारता येतो. तोंडातून आग काढतो, तीही म्हणे अग्निदेवाच्या कृपेनं. त्याच्या आखाड्यात दोन्ही बाजूंना हत्ती उभे. आणि गळ्यात कवट्यांची माळ! या कवट्या कुणाच्या, तर त्याच्या गावात साथीच्या रोगात मेलेल्या मुलांच्या. स्वभावानं तो शांत आहे, मारामारी त्याला आवडत नाही. गावातल्या गरिबांसाठी पैसे जमवायचे म्हणून लढतो. बायकोचं नाव इंग्रजीत सॅली. आणि मुलाचं नाव? दत्ता!

दत्ता म्हटल्यावर मी खुर्चीतून उठलोच. माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत एकही वर्ग असा गेला नाही की ज्यात दत्ता नव्हता. काही वर्गांत तर तीन तीन. जपानी माणसाच्या हाती एवढ्या मोठ्या देशातलं हे एक नाव लागलं, आणि ते नेमकं आपल्या पट्ट्यातल्या घराघरातलं निघालं, याचा आनंद झाला. पण पुढचा प्रश्न लगेच आला. दत्ताच्या आईचं नाव सॅली कसं? आणि ज्या घरात दत्ता आहे, त्या घरातला बाप कवट्या का घालेल?

एकेक तपशील बघू. साथीचा रोग हा तपशील खोटा नाही. १८९६-९७ ची प्लेगची साथ आपल्या घराघरांतल्या आठवणीत होती. माणसं गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहिली, हे आमच्या पिढीनं आजीकडून ऐकलंय. पण साथीत मेलेल्यांसाठी आपली माणसं काय करतात, याचं उदाहरण पुण्यातच आहे. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ ला गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं होतं असं सांगतात. पाठीवर जिवंत मूल घेतलेली बाई आणि गळ्यात मेलेल्या मुलांच्या कवट्या घातलेला योगी, दोघंही दुःखी आणि दोघंही दयाळू. पण यातलं पहिलं चित्र इथल्या माणसांनी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे, दुसरं कुणाच्या तरी कल्पनेतलं.

कवट्यांची माळ हा कापालिकाचा वेश. आग ओकणं हा रस्त्यावरच्या गारुड्याचा, जादूगाराचा खेळ. हत्ती राजवाड्यातले. कृश शरीर उपाशी तपस्व्याचं. आणि हात लांब होणं? ते तर १९७६ सालच्या एका कुंगफू चित्रपटातल्या भारतीय योग्यावरून घेतलं असं सांगतात. म्हणजे चिनी माणसानं ऐकून केलेला भारत, तो पाहून जपान्यानं केलेला भारत! आपल्याकडे वैरागी म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? दर आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून, काटेवाडीवरून, बेलवाडीवरून इंदापूरला जाते. काटेवाडीला पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला गोल रिंगण होतं. त्या लाखो माणसांच्या गळ्यात माळ असते ती तुळशीची. त्यांत कुणी तोंडातून आग काढताना मला तरी आजवर दिसला नाही.

आता कुणी म्हणेल, मास्तर, हा खेळ आहे. सगळ्यांचीच थट्टा केलीय त्यात. खरंच केलीय. ब्राझीलचा म्हणून हिरव्या रंगाचा केसाळ प्राणी दाखवलाय, रशियाचा म्हणून अस्वलाशी झुंजणारा पैलवान. आणि स्वतःच्या जपानचा म्हणून लठ्ठ सुमो होंडा, तोही तोंडाला रंग फासून. तेव्हा जपान्यांनी मुद्दाम आपला अपमान केला असं मी म्हणणार नाही. आपल्या जुन्या हिंदी चित्रपटांत चिनी-जपानी माणूस कसा दाखवलाय ते आठवा, मराठी विनोदांत 'मद्रासी' कसा असतो ते आठवा, आणि मग दुसऱ्याकडे बोट दाखवा.

पण एक फरक आहे आणि तो महत्त्वाचा आहे. जपानकडे होंडा आहे तसा र्‍यूसुद्धा आहे. होंडा ही थट्टा झाली, तर र्‍यू हा गंभीर माणूस, भटका साधक. शिवाय पुढच्या खेळांत जपानी पात्रं वाढतच गेली. ज्याच्याकडे दहा माणसं आहेत, त्यातल्या एकाची थट्टा झाली तर काही बिघडत नाही. भारताच्या वाट्याला बराच काळ हा एकटाच. एका माणसाला अख्खा देश अंगावर घ्यावा लागला की त्याचं असंच होतं. त्याला योगीही व्हावं लागतं, गारुडीही आणि कापालिकही. २०१६ सालच्या पाचव्या भागात त्याला दाढी आणि पागोटंही मिळालं! १९९४ च्या चित्रपटात रोशन सेठ यांनी तो शास्त्रज्ञ म्हणून केला. नव्या इंग्रजी चित्रपटात विद्युत जामवाल धालसीम होणार असं २०२५ साली जाहीर झालं. माणूस बदलतो, देश तोच राहतो.

दुसरा एक भारतीय आहे म्हणा. १९९६ च्या स्ट्रीट फायटर ईएक्स मध्ये भारतीय पैलवान आणला. मला बरं वाटलं, निदान पैलवान तरी आला. नाव काय, तर दारुण मिस्टर! मराठी माणसाला 'दारुण' म्हटलं की पुढचा शब्द 'पराभव'च आठवतो. असं नाव घेऊन फडात उतरला तर हलगीवाला वाजवायचा थांबेल!

मंडळी, आपल्याकडे पात्रपरिचयाची एक जुनी आणि पक्की पद्धत आहे. बारामती-इंदापूरकडच्या कुठल्याही गावच्या जत्रेत दुपारनंतर कुस्त्यांच्या फडाला जाऊन उभे राहा. आधी रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या होतात, मग रोख इनामाच्या, आणि शेवटी मोठी कुस्ती. पैलवान आखाड्यात आला की निवेदक काय सांगतो? नाव सांगतो. आणि लगेच दोन गोष्टी : गाव कोणतं आणि वस्ताद कोण. 'अमक्या गावचा, तमक्या तालमीचा, अमक्या वस्तादांचा पठ्ठा.' मग त्याचा हातखंडा डाव, ढाक की घिस्सा, कलाजंग की एकेरी पट. उंची-वजन कुणी सांगत नाही, ते दिसतंच. रक्तगट तर नाहीच नाही. पण गाव आणि वस्ताद सांगितल्याशिवाय कुस्ती लागत नाही.

का बरं? कारण या दोन गोष्टींत माणूस अडकलेला असतो. गाव म्हणजे तो कुणाला बांधील आहे ते. हरला तर कुणाची मान खाली जाणार, जिंकला तर कुणाच्या खांद्यावरून मिरवणार. वस्ताद म्हणजे त्याची विद्या कुठून आली ते. तांबडी माती, तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल घालून कुणी तिला मळली, पहाटे कुणी उठवलं, पहिला डाव कुणी शिकवला. ज्याचं गाव आणि वस्ताद सांगता येतो तो माणूस. ज्याचा फक्त देश सांगता येतो, तो सोंगाड्या.

ही कसोटी मी नातवाच्या पात्रांना लावून पाहिली. र्‍यूला वस्ताद आहे, त्याचं नाव गोकेन. अमेरिकन केन हा त्याचा गुरुबंधू. पास! व्हर्च्युआ फायटरचा आकिरा ज्या विद्येनं लढतो ती 'बाजीचुआन' ही चीनमधली खरीखुरी विद्या, तिची घराणी आजही आहेत. कोपर आणि खांदा वापरून जवळून मारणं ही तिची खासियत, आणि पोरं चित्रातलं कोपर निरखतात ते उगीच नाही. तोही पास. धालसीमला विचारलं, गाव कोणतं? उत्तर आलं, भारत. एवढ्या मोठ्या देशाचं नाव गाव म्हणून सांगणारा पैलवान आमच्या जत्रेत पंचांनी माघारी पाठवला असता.

बरं, यात बदल होतच नाही असं नाही. टेक्केन सेव्हन या खेळात २०१५ च्या सुमारास सौदी अरेबियाचा शाहीन नावाचा लढवय्या आला. तो करताना कंपनीनं अरब प्रदेशातल्या खेळाडूंचं म्हणणं विचारात घेतलं, खेळाचे त्यावेळचे प्रमुख कात्सुहिरो हारादा त्यांच्याशी बोलत होते. त्याच खेळात फिलिपिन्सची जोसी रिझाल आली. ती तिथल्या 'एस्क्रिमा' या विद्येनं लढते. नाव घेतलं होसे रिझाल यांच्यावरून, ज्यांना स्पेनच्या राजवटीनं १८९६ साली गोळ्या घातल्या. नावावरून तिथं वाद झाला. काहींना अभिमान वाटला, काहींनी विचारलं की राष्ट्रपुरुषाचं नाव मारामारीच्या खेळाला का? वाद झाला हे मला चांगलंच वाटतं. वाद झाला म्हणजे त्या लोकांनी तपशील वाचला, आणि हा आमचा आहे, याचं काय करायचं ते आम्हालाही विचारा, असं ते म्हणाले. शेजारच्या पाकिस्तानचं अजून एकही घरचं पात्र मला कुणी दाखवलं नाही, पण लाहोरच्या अर्सलान ॲशनं २०१९ मध्ये जपानातली आणि अमेरिकेतली अशा टेक्केनच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकून आपलं गाव जगाला सांगितलं. निवेदकानं गाव सांगितलं नाही तर पैलवानानं स्वतः सांगावं, ते असं.

तेव्हा नातवानं मला सरळच विचारलं, "आबा, उद्या जपान्यांनी आपल्याला विचारलं की तुमच्याकडचा एक लढवय्या द्या, तर काय तपशील द्याल?"

द्यायला तोटा नाही. हातपाय लांब करणारा माणूसच हवा असेल तर मल्लखांब बघा म्हणावं. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. पुढं दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो नव्यानं उभा केला. आख्यायिका अशी, की बाहेरून आलेल्या दोन बलाढ्य पैलवानांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिलं. कोवळ्या वयाच्या बाळंभटानं ते उचललं, वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन साधना केली, वानरांच्या झाडावरच्या हालचालींवरून मल्लखांबाच्या पकडी बसवल्या आणि येऊन कुस्ती मारली. गाव आहे, डोंगर आहे, आव्हान आहे, विद्या आहे. जपानी लेखकाला आणखी काय हवं? आणि कवटीची गरज नाही, आगीची गरज नाही. लाकडाच्या खांबावर उलटा लटकलेला माणूस पुरेसा अद्भुत आहे.

शस्त्र हवं असेल तर दांडपट्टा आहे. २०२४ च्या शिवजयंतीला महाराष्ट्र शासनानं तो राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला. दोरी बांधलेला, फेकून परत ओढता येणारा विटा आहे. कोल्हापूरकडे मर्दानी खेळांत आजही ही शस्त्रं चालवणारी माणसं आहेत, मुलीही आहेत. आपली कट्यार तर जपान्यांनी केव्हाच उचललीय! सोलकॅलिबर नावाच्या खेळात व्होल्डो हा लढवय्या दोन्ही हातांत कट्यारी घेऊन लढतो. पण तो इटलीचा. शस्त्र गेलं, गाव राहून गेलं.

आणि सगळ्यात मोठं नाव म्हणजे खाशाबा जाधव. गाव गोळेश्वर, कऱ्हाडजवळ, जिल्हा सातारा. पहिले वस्ताद वडील, दादासाहेब. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. ५७ किलो वजनगटात खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि त्या स्पर्धेत त्यांची एक लांबलेली, चिवट लढत कुणाशी झाली? जपानच्या शोहाची इशीई यांच्याशी! ती इशीईंनी जिंकली आणि पुढं सुवर्णपदकही घेतलं. त्या ऑलिंपिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण. त्या कुस्तीनंतर खाशाबांना जवळजवळ लगेच सोव्हिएत रशियाच्या मल्लाशी लढायला उतरवलं. नियमानं अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, पण त्यांच्या बाजूनं बोलायला तिथं कुणी भारतीय अधिकारी हजर नव्हता.

हे वाचून मला नेहमी वाटतं, जपान आणि आपण यांच्यातली खरी लढत तर १९५२ सालीच झाली. दोन खरी माणसं, दोघांचं गाव माहीत. एकाच्या बाजूला सुवर्ण, दुसऱ्याच्या बाजूला गहाण ठेवलेलं घर आणि न मिळालेला अर्धा तास. आणि चाळीस वर्षांनी त्याच देशानं भारतीय लढवय्या काढला तो कवट्यांची माळ घालून. यात त्यांचा दोष किती आणि आपला किती? आपण खाशाबांचं जगाला सांगितलं किती? आपल्याच सरकारनं त्यांना अर्जुन पुरस्कार दिला तो ते जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाल्यावर. ज्यांच्या बाजूनं बोलायला हेलसिंकीत कुणी नव्हतं, त्यांच्या बाजूनं बोलायला नंतरही फार कुणी नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. कुणी तुमचं चित्र चुकीचं काढलं म्हणून रागवायला हरकत नाही, पण रागवायच्या आधी आपण त्याच्या हातात बरोबर तपशील ठेवला होता का, ते बघावं. र्‍यूची जन्मतारीख आणि रक्तगट जगातल्या कुठल्याही कोपऱ्यात बसून सापडतो. आपल्या पंचक्रोशीतल्या वस्तादांचा तपशील कुठं सापडतो? त्यांनी कुणाकडून कुठला डाव घेतला, त्या डावाला त्यांच्या तालमीत काय म्हणत, तो कुठं मोडतो, हे फक्त त्यांना माहीत. लिहून कुणी ठेवलेलं नाही. आता कुस्ती मॅटवर गेली, गुणांवर गेली. त्यालाही माझा विरोध नाही, ऑलिंपिकला जायचं तर मॅट हवीच. पण मातीतल्या डावांची नावं सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढची आहेत. एक माणूस गेला की दहा-वीस डाव गेले. हा काही अलंकारिक हिशेब नाही, खरंच तेवढे जातात.

म्हणून मी एक वही घातलीय. साधी, दोनशे पानी. एका पानावर एक वस्ताद किंवा पैलवान. रकाने ठरवलेत : नाव, गाव, तालीम, वस्ताद, वस्तादांचे वस्ताद, हातखंडा डाव, डाव कसा लागतो, कसा मोडतो, सगळ्यात लक्षात राहिलेली कुस्ती. शेवटचा रकाना नातवाच्या आग्रहावरून घातलाय : काय आवडतं, काय आवडत नाही. मी आधी हसलो, पण पहिल्याच पानावर सत्त्याऐंशी वर्षांच्या एका वस्तादांनी त्या रकान्यात जे सांगितलं ते ऐका. आवडतं : शिळी भाकरी आणि ताक. आवडत नाही : पडलेल्या गड्यावर हात उगारणारा. आता या माणसाचं स्वभावचित्र रेखाटायला गाईड लागतंय का?

नातू ही पानं कॉम्प्युटरवर चढवायचं म्हणतोय, इंग्रजीत आणि जमलं तर जपानीतही. जपानीत करताना शेंग लाँग होऊ देऊ नको, एवढं मी त्याला बजावलंय. आमच्या ढाकेचा ढाका झाला तर पैलवान बांगलादेशचा व्हायचा!

तेव्हा माझ्या ब्लॉगर मित्रांनो, आणि निमगावच्या मामांपासून अमेरिकेतल्या भाचीपर्यंत सगळ्या नातेवाइकांनो, आपापल्या गावातला एक तरी वस्ताद शोधा. अजून ठणठणीत असतील तर या रविवारीच जाऊन बसा. घाई करू नका, चहा घ्या, त्यांना बोलू द्या. डाव अंगानं करून दाखवतो म्हणाले तर आधी सुनेला विचारा, कंबर लचकायची. आणि सांगतील ते जसंच्या तसं लिहून पाठवा, शुद्धलेखनाचं मी बघून घेतो. फक्त दोन रकाने कोरे सोडू नका. गाव आणि वस्ताद.